पॉइंट दोनचा फरक

कोयनेकडे जमीन जरा हलली की पुण्यात निम्म्या लोकांना पंखा हललेला दिसतो, उरलेल्यांना तो नंतर आठवतो. मग सोसायटीच्या ग्रुपवर एकच प्रश्न: "किती रिश्टरचा?" कुणी 4.2 टाकतं, कुणी म्हणतं माझ्याकडे 4.4 दाखवतंय. पॉइंट दोनवरून काय वाद घालायचा, म्हणून गाडी पुन्हा पाण्याच्या टँकरवर येते.

माझा जीव त्या पॉइंट दोनमध्येच अडकतो. अकरावीला अप्पा बळवंत चौकातून लॉग टेबलचं पातळ पुस्तक आणलं होतं. त्यातलं बाकी सगळं धुऊन निघालं, पण दोनचा लॉग 0.3010, म्हणजे दहाचा तेवढा घात केला की दोन येतात, हे काही डोक्यातून जात नाही. भूकंपाच्या ऊर्जेचा हिशेब असा, की आकड्यातल्या फरकाला दीडने गुणायचं, म्हणजे ऊर्जेच्या पटीचा लॉग मिळतो. 0.2 गुणिले दीड, 0.3. म्हणजे दुप्पट! कोयनेच्या 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचा आकडा कुठे 6.3 सापडतो, कुठे 6.5. वाचताना दोन्ही सारखेच वाटतात, पण मधल्या फटीत तसलाच आणखी एक अख्खा भूकंप मावतो.

ही लॉगची भानगड 1935 सालची, कॅलिफोर्नियातली. चार्ल्स रिश्टरसमोर नोंदी होत्या, पण सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी यांच्यात इतकं अंतर की दोन्ही एका आलेखात बसेनात. लॉग घेऊन बघ, हे सुचवलं त्याचा सहकारी बेनो गुटेनबर्गने. नाव मात्र रिश्टरचं झालं. नियम सोपा होता. त्यांचं ठरावीक यंत्र केंद्रापासून 100 किलोमीटरवर असेल आणि कागदावरची रेघ मधल्या रेषेपासून 1 मिलिमीटर सरकली, तर तो भूकंप 3 चा. 10 मिलिमीटरला 4. याच चालीने 6 ला रेघ एक मीटर जायला हवी, आणि एवढा रुंद कागद कोण लावतो? कोयनानगर पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर, तेव्हा हा हिशेब आपल्यालाही अगदीच परका नाही. पुढे कळलं, की फार मोठ्या भूकंपांना ही पट्टी पुरत नाही. 1979 मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी नवी दिली: खडक किती क्षेत्रावर सरकला, किती सरकला आणि तो किती ताठ, या तिघांचा गुणाकार करायचा आणि मग त्याचा लॉग. हल्ली मोठ्या भूकंपांचे आकडे बहुतेक याच पट्टीवरचे असतात. बातम्यांत अजून रिश्टरच चालतो.

5 च्या भूकंपाची ऊर्जा एक रुपया धरा. 6 चे साधारण 32 रुपये, 7 चे हजार, 8 चे 32 हजार, 9 चे दहा लाख. चिलीत 1960 साली झाला तो 9.5 चा, म्हणजे छप्पन्न लाखांच्या घरात. आणि बातमीच्या पट्टीवर जागा किती? दोन अंक आणि एक टिंब.

लॉगचं मला कौतुक आहे ते या कंजूषपणाचं, आणि राग आहे तोही त्याचाच. किल्लारीचा भूकंप 6.2 चा. भूजचा ऊर्जेत त्याच्या शंभराहून जास्त पट. पण माणसं? किल्लारीत आठ-दहा हजार गेली, भूजला वीस हजारांच्या आसपास. हा हिशेब कुठल्याच लॉगमध्ये बसत नाही. किल्लारीला धक्का जमिनीत फार खोल नव्हता, वर दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर मातीचं जड माळवद, आणि अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. गावं गाढ झोपेत होती.

यापेक्षा आईचं मोजमाप बरं. 1967 च्या त्या पहाटे ती सदाशिव पेठेतल्या वाड्यात होती. तिला आकडा विचारला तर माहीत नाही. पण मांडणीवरची पितळेची पातेली एकमेकांवर वाजत होती, टांगलेला कंदील हलत होता आणि आजी "उठा गं, उठा" करत सगळ्यांना अंगणात घेऊन गेली, हे ती आजही क्रमाने सांगते. भांडी वाजणं, टांगलेल्या वस्तू हलणं, झोपलेली माणसं जागी होणं: मर्काली नावाची जी बारा पायऱ्यांची दुसरी पट्टी आहे, ती अशाच खुणांवर चालते. तिथे एका भूकंपाला एकच आकडा नसतो. पुण्याचा वेगळा, कोयनानगरचा वेगळा.

हे सगळं मी एकदा शेजारच्या काकांना सांगायला गेलो. त्यांचा मुद्दा ठरलेला होता: "बिल्डरने सांगितलंय, आपली बिल्डिंग सातपर्यंत काही हलत नाही."

"काका, सात कुठे? भूजचा सातच्या वरच होता की, आणि आपली बिल्डिंग उभी आहे. तोच पायाखाली दहा किलोमीटरवर झाला तर?"

काकांनी चष्मा काढला, पुसला. "मग किती किलोमीटरवरचा सात, ते ब्रोशरमध्ये छापायला नको?"