तिकडे पहिल्यापासून मोकळंच होतं ना?

सांगलीला गेले की हा प्रश्न ठरलेला. कधी भाची विचारते, कधी शेजारच्या वहिनी. "तिकडच्या लोकांना कशाचंच काही वाटत नाही ना? पहिल्यापासून मोकळेच ते." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहिते.

नाही. मोकळे नव्हते. १९७९ च्या जानेवारीत लग्न होऊन मी इंग्लंडमधल्या लेस्टरला आले. त्याआधी सातच वर्षं, युगांडातून हाकललेल्या आशियाई कुटुंबांनी इथे येऊ नये म्हणून या शहराने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. आज त्याच शहरात बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला पाय ठेवायला जागा नसते. पण ती गोष्ट तुम्ही ऐकलेली असते. मला घरांच्या आतली सांगायची आहे.

आमच्या गल्लीत एका मुलीला लग्नाआधी मूल झालं होतं. तिची आई बाजारात मान वर करून चालत नसे. १९८० साली इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या शंभर मुलांपैकी साधारण बारा मुलांचे आईवडील लग्न न झालेले होते. २००० साली हा आकडा चाळिसाच्या घरात गेला. शाळेतून घरी जाणाऱ्या पत्रांवर आम्ही 'मिस्टर आणि मिसेस' लिहायचं कधी सोडलं ते आठवत नाही, पण सोडलं.

इथलं प्रशिक्षण संपवून १९८४ मध्ये मी गणित शिकवायला लागले. माझा पगार माझ्या कष्टाचा, पण प्राप्तिकराच्या कायद्याने तो नवऱ्याचं उत्पन्न म्हणून धरला जाई. विवरणपत्र त्याच्या नावाचं, सही त्याची. बायकोचा हिशोब तिच्या नावाने मांडायला १९९० चा एप्रिल उजाडावा लागला. आणि लग्नातही बलात्कार होऊ शकतो, हे इथल्या सर्वोच्च न्यायपीठाने म्हटलं १९९१ मध्ये. मोकळ्या म्हणवणाऱ्या देशात! आजही ते साल उच्चारताना मला राग येतो.

१९८३ पासून इथे 'ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स' नावाची पाहणी होते, लोकांना घरी जाऊन त्यांची मतं विचारतात. 'कमावणं पुरुषाचं काम, घर आणि मुलं बाईचं' हे १९८४ मध्ये ४३ टक्के लोकांना पटत होतं. तेव्हा माझ्या दारात कुणी आलं असतं, तर नोकरी करत असूनही मी हो म्हटलं असतं. तसंच वाढले होते मी.

समलिंगी संबंधांचं मात्र आणखी वेगळं झालं. तिथे गाडी आधी मागे गेली. १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये एकवीस वर्षांवरच्या पुरुषांमधले खासगी संबंध गुन्हा राहिले नव्हते. तरी १९८३ च्या पाहणीत ६२ टक्के लोकांनी असे संबंध नेहमी किंवा बहुतेक वेळा चूकच ठरवले, आणि १९८७ मध्ये तो आकडा ७५ झाला. एड्सची भीती होती, वर्तमानपत्रं भडक लिहीत होती, घरोघर सरकारी पत्रकं येत होती. त्याच वर्षी प्रिन्सेस डायानाने एका एड्सच्या रुग्णाचा हात हातमोजा न घालता हातात घेतला, तर ती बातमी झाली! लोक हात लावायलाही घाबरत होते, हे त्यावरून समजा.

मग १९८८ मध्ये कलम २८ आलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा पुरस्कार करायचा नाही, शाळांमधून ते 'तथाकथित कुटुंब' मान्य असल्याचं शिकवायचं नाही. आम्हाला शाळेत कुणी लेखी काही दिलं नाही. स्टाफरूममध्ये विषय काढायचा नाही एवढंच ठरलं. त्या कलमाखाली कुणाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही. गरजच पडली नाही, आम्ही आपणहून गप्प बसलो.

१९९० मध्ये माझ्या वर्गात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी शिवी कोरली होती. तास संपल्यावर तो थांबला आणि त्याने विचारलं, "मिस, तसं असणं वाईट असतं का?" मी म्हटलं, "घरी बोल." घरी बोलता आलं असतं तर तो माझ्याकडे आला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. नोकरीची भीती वाटली. तो मान हलवून गेला. पुढे कधी काही विचारलं नाही त्याने.

लोक उपदेशाने बदलले नाहीत, हे मी पाहिलंय. ओळखीने बदलले. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात लंडनच्या समलिंगी तरुण-तरुणींनी रस्त्यावर बादल्या फिरवून पैसे जमवले आणि दक्षिण वेल्समधल्या संपकरी कुटुंबांना नेऊन दिले. पुढच्या उन्हाळ्यात ते खाणकामगार आपले झेंडे घेऊन लंडनला त्यांच्या मोर्च्यात चालले. एकमेकांच्या घरी चहा झाला होता ना! तसं देशभर व्हायला मात्र वेळ लागला. कुणाचा भाऊ, कुणाची सहकारी, कुणाचा पुतण्या उघड बोलू लागला, तसतसा तो ७५ चा आकडा उतरत २००० च्या सुमाराला निम्म्याखाली आला.

इंग्लंडमध्ये कलम २८ गेलं २००३ च्या नोव्हेंबरमध्ये. त्या आठवड्यात मी वर्गशिक्षिका म्हणून हजेरी घेतली, रजिस्टर मिटलं आणि मुलांना या कलमाबद्दल सांगितलं. 'समलिंगी' हा शब्द वर्गात मोठ्याने उच्चारायची माझी ती पहिलीच वेळ. घसा कोरडा पडला होता. मुलं शांत बसून ऐकत होती. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "मिस, पण हे बोलायला बंदी का होती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नजर तिच्यामागच्या बाकाकडे गेली. तो मुलगा तिथेच बसायचा.