मेध्य रसायनाच्या चार कुंड्या : तिसऱ्या वर्षाची नोंद

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाध्यायात, म्हणजे शरीर-बुद्धीला बळ देणाऱ्या औषधांच्या अध्यायात, मेध्य (बुद्धीला हितकर) म्हणून चार वनस्पती सलग सांगितल्या आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि मुळाफुलांसकट वाटलेल्या शंखपुष्पीचा कल्क. या चारही वनस्पती नाशिकजवळच्या मखमलाबादच्या घराच्या गच्चीवर वाढवाव्यात आणि युनानी, सिद्ध व चिनी वैद्यकात त्यांना कोणते स्थान आहे ते सोबतच वाचत जावे, असे मी तीन वर्षांपूर्वी ठरवले. यंदाचा पाऊस ओसरल्यावर केलेली ही नोंद आहे.

पहिल्या वर्षाचा बराचसा काळ एका नावाने खाल्ला. एका रोपवाटिकेतून ‘ब्राह्मी’ म्हणून आणलेल्या रोपाला रुंद, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला दंतुर पाने होती आणि त्याची खोडे मातीवर सरपटत पेरापेराशी मुळे धरत होती. ती मंडूकपर्णी होती, म्हणजे सेंटेला एशियाटिका, कोथिंबीर आणि गाजर ज्या कुळात येतात त्याच कुळातली. आपल्याकडे पुष्कळ घरांत हिलाच ब्राह्मी म्हणतात. माझी आजीही डोक्याच्या तेलात हीच पाने उकळत असे, त्यामुळे विक्रेत्याला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेने (औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथाने) मात्र ब्राह्मी हे नाव बॅकोपा मॉनिएरीला दिले आहे. बारीक, मांसल पानांची, फिकट निळसर पांढऱ्या फुलांची आणि पाण्याच्या कडेने वाढणारी ही वनस्पती आपण नीरब्राह्मी म्हणून ओळखतो. चरकानेही मंडूकपर्णी रसायनात घातली आणि ब्राह्मीचा रस अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) घृतात, म्हणजे औषधी तुपात, घातला, म्हणजे त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वनस्पती होत्या. तमिळ सिद्ध वैद्यकात हा गोंधळ फारसा होत नाही, कारण तिथे मंडूकपर्णीला वल्लारै असे स्वतंत्र नाव आहे. श्रीलंकेत तीच गोटूकोला होऊन खोबऱ्यासह कोशिंबिरीत येते. मंडूकपर्णीच्या पाच-सहा पानांची तशी कोशिंबीर मी करून पाहिली. किंचित कडवट असली तरी चव मला मनापासून आवडली.

लागवडीतही दोघींचे स्वभाव वेगळे निघाले. नीरब्राह्मी मी तळाला छिद्र नसलेल्या टबात, गाळाच्या मातीवर दोन बोटे पाणी ठेवून लावली आणि श्रावणापर्यंत तिने टब भरून टाकला. मंडूकपर्णीला ओल हवी असते, पण एप्रिलचे ऊन सोसत नाही. पहिल्या उन्हाळ्यात तिच्या पानांच्या कडा करपल्या, म्हणून आता ओळखीच्या द्राक्षबागायतदाराकडून आणलेल्या जुन्या शेडनेटखाली ती पूर्वेच्या भिंतीशी ठेवली आहे. डिसेंबरात पारा दहा अंशांच्या खाली उतरला की दोघींचीही वाढ थांबते. त्या काळात पाणी कमी करावे, हे मी एक टब सडवून शिकलो.

गुळवेलीबद्दल थोडेच लिहितो, कारण कुंपणाजवळच्या कडुनिंबावर ती आपली आपण वाढते. अंगठ्याएवढी जाड एक किलो ओली कांडे ठेचून, रात्रभर पाण्यात भिजवून, कुस्करून आणि गाळून मी सत्त्व काढले, तेव्हा तळाशी जेमतेम २० ग्रॅम पांढरी पूड बसली. युनानीतील सत-ए-गिलो ते हेच. ज्यांना कोणी वेलीचे तुकडे भेट देतात त्यांनी खोड अवश्य पाहावे. टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची वेल आहे, तिच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि ती यकृताला अपायकारक ठरू शकते. आपल्या गुळवेलीच्या, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या, खोडावर तशा गाठी नसतात.

रूपावरून पडलेली नावे गुणावरून पडलेल्या नावांपेक्षा अधिक टिकत असावीत, असे मला ब्राह्मीच्या अनुभवानंतर वाटू लागले होते, पण शंखपुष्पीने ते खोटे ठरवले. औषधसंहितेची शंखपुष्पी कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस आहे, केरळात शंखपुष्पम् म्हणजे गोकर्ण, आणि कित्येक ठिकाणी निळ्या फुलांची विष्णुक्रांता याच नावाने घेतली जाते. माझ्याकडे सध्या विष्णुक्रांताच आहे, मुरमाड मातीत आणि पूर्ण उन्हात. तिच्यावर नाव लिहिताना मी ‘शंखपुष्पी’ हा शब्द टाळला आहे. केरळच्या दशपुष्पांत, म्हणजे तिथे पवित्र मानलेल्या दहा औषधी वनस्पतींत, तिला मानाचे स्थान आहे, त्यामुळे ती काढून टाकणार नाही. कॉन्व्हॉल्व्ह्युलसचे खात्रीचे बी मिळेपर्यंत ही कुंडी मी अपूर्ण समजतो.

आता ज्येष्ठमध, ज्याच्यासाठी माझे सर्वाधिक श्रम गेले. पश्चिम व मध्य आशियातील कोरड्या मुलखाची ही वनस्पती आपल्या काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात कुजते. कठीण कवचाचे २४ बी मी पॉलिश पेपरवर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवले. ९ उगवले, त्यांतले तीनच टिकले. मुळे खोल जातात म्हणून त्यांना चार फूट उंचीचे पीव्हीसी पाइप उभे करून दिले आणि त्यांत तीन भाग नदीची वाळू, एक भाग मुरूम व एक भाग कुजलेले शेणखत भरले. पहिल्या हिवाळ्यात शेंड्यापर्यंत वाळलेल्या काड्या पाहून मी रोपे गेली असे धरले होते, परंतु फेब्रुवारीच्या अखेरीस मातीतून नवे कोंब वर आले. यंदा तिसरी पालवी फुटली असून सर्वांत उंच रोप माझ्या कमरेपर्यंत पोहोचले आहे.

या मुळाला ज्याने पाहिले त्याने चवीवरूनच नाव दिले. संस्कृतात यष्टीमधु, ग्रीकांत ‘गोड मूळ’, चिनी वैद्यकात कान्-त्साओ म्हणजे गोड वनस्पती. चिनी वैद्य तर अनेक काढ्यांत इतर द्रव्यांचा मेळ बसवण्यासाठी ते घालतात. युनानीत त्याला अस्लुस्सूस म्हणतात आणि मूळ उकळून, आटवून केलेल्या काळ्या घट्ट अर्काला रुब्बुस्सूस. मालेगावच्या एका अत्ताराकडून (युनानी औषधे विकणाऱ्याकडून) मी तो थोडासा आणला आहे, घरच्या मुळाच्या चवीशी ताडून पाहण्यासाठी. ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी मात्र अशा चाखण्यात पडू नये, कारण ज्येष्ठमधातले ग्लायसिरायझिन हे गोड द्रव्य अधिक काळ पोटात गेल्यास पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो.

मुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी काढतात. येत्या थंडीत पाने गळाली की एका पाइपला उभी चीर देऊन मूळ किती खोल आणि किती जाड झाले ते मोजणार आहे. उरलेली दोन रोपे आणखी एक वर्ष तशीच राहतील.