गोड नंतर, माउली

वारीत माणूस उपाशी राहत नाही. आळंदी सोडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे येतात. चहा, बिस्किटं, केळी, शिरा, बुंदी. "घ्या माउली" म्हणणाऱ्याला नको म्हणणं जिवावर येतं, आणि माझी पंचाईत नेमकी तिथेच होते. मला मधुमेह नाही. पण रिकाम्या पोटी गोड गेलं की रक्तातली साखर झपाट्याने चढते, शरीर साखर उतरवणारं इन्सुलिन जरा जास्तच सोडतं आणि दोन-तीन तासांत साखर नको तितकी खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. डॉक्टर याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात.

दिंडीतल्या आजींना हे पटत नव्हतं. "साखर कमी होते ना गं तुझी? मग साखर खा की!" साखर उतरलेली असताना तेच करायचं असतं. पण उतरू नये म्हणून आधीच गोड खाल्लं, तर तेच गोड पुन्हा खाली आणतं. हे उलटं गणित चालता चालता समजावणं अवघड.

त्यात चालणं. पायाचे स्नायू काम करताना इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतात. चहा-बिस्किटांवर चालायला लागलं की इन्सुलिन आणि स्नायू दोघं मिळून साखर ओढतात.

पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा, तीसेक किलोमीटरचा. शेवटी दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी योगिनी एकादशी. उपास म्हणजे हलकं खाणं असं लोक समजतात, पण साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट, सोबत बटाटा, रताळं, केळं. माझ्यासाठी एरवीच्या भाकरी-पिठल्यापेक्षा हे ताट जास्त अवघड. म्हणून खिचडी चार घास, दही वाटीभर, आणि पडशीत भाजलेले शेंगदाणे. भूक असो-नसो, दर दोन-अडीच तासांनी मूठभर.

यंदा हडपसरला एका चिमुरडीनं सरबताचा पेला पुढे केला. सहा-सात वर्षांची असेल. तिला काय इन्सुलिन सांगायचं? प्याले. घाटाच्या पायथ्याशी, वडकीच्या पुढे, अभंग कानावर पडत होता पण शब्द लागेनात. ही माझी खूण. रांगेतून बाजूला झाले. आधी हात धुतले, कारण बोटाला फळाचा किंवा गुळाचा अंश असला तर ग्लुकोमीटर खोटा मोठा आकडा दाखवतो. ५८ आला. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून घेतलं आणि १५ मिनिटं थांबले.

ही १५ मिनिटं फार वाईट. अंगातलं सगळं ओरडत असतं की दिसेल ते खा. लोक तर लाडू घेऊन धावतातच! खाल्लं की साखर पुन्हा उसळी घेणार आणि घाटाच्या मध्यावर पुन्हा तेच. शेजारी आजी बसून होत्या, माझ्यासाठी त्यांनी दिंडी सोडली होती. पुन्हा तपासलं, ८४. मग शेंगदाणे खाल्ले, कारण नुसतं ग्लुकोज फार वेळ टिकत नाही. घाट आम्ही परक्या दिंडीत चढलो आणि सासवडला दिंडीचा क्रमांक विचारत विचारत मुक्काम गाठला.

द्वादशीचं पारणं सोपं गेलं. आधी आमटी-भाकरी, उसळ, गोड शेवटी आणि घासभर. तेच गोड भरल्या पोटी सावकाश चढतं.

जेजुरीच्या वाटेवर दुसऱ्या दिंडीतल्या एक बाई म्हणाल्या, त्यांनाही असंच होतं, पण सकाळी उठल्या उठल्या, काही न खाता. मी त्यांना शेंगदाण्याचा सल्ला दिला नाही. उपाशीपोटी साखर घसरणं हा वेगळा मामला, त्याची कारणं वेगळी शोधावी लागतात. गावी गेल्यावर नाही, वाटेतल्या आरोग्य पथकालाच आधी दाखवा म्हटलं. आजी त्यांना घेऊन गेल्या. जाताना वाटेत कुणी पेढा पुढे केला, तर आजींनीच हात आडवा धरला, "तिला आधी तपासू दे, माउली."