तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच वर्षाची आठ नाणी कशाला ठेवलीत?

घरी कोणी आलं आणि टेबलावरचा ट्रे दिसला की प्रश्न ठरलेला, "अहो काका, ही सगळी १८०१ चीच तर आहेत, एकच चेहरा एकच पानांची माळ, मग आठ-आठ कशाला?" गेल्या गणपतीत एका संध्याकाळी तिघांनी विचारलं आणि आरतीच्या गडबडीत धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता नीट लिहितो.

ही नाणी म्हणजे अमेरिकेचे जुने लार्ज सेंट, म्हणजे एक सेंटची मोठी नाणी. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ पासून १८५७ पर्यंत पाडलेली, तांब्याची, सुरुवातीला १३.४८ ग्रॅमची आणि नंतर वजन कमी करून १०.८९ ग्रॅमची. मी न्यू जर्सीत राहतो, फिलाडेल्फिया तसं जवळच, त्यामुळे इथल्या बाजारांत ही बघायला मिळत गेली आणि नाद लागला.

तर मुद्दा असा की त्या काळी डाय, म्हणजे नाणं पाडायचा पोलादी साचा, हाताने बनायची. चेहऱ्याचा पंच (ठोकून ठसा उमटवायचं हत्यार) एकच असायचा, तो पोलादावर उमटवायचा, पण वरची लिबर्टीची अक्षरं, खालचे वर्षाचे आकडे, मागचा १/१०० हा अपूर्णांक (डॉलरचा शंभरावा भाग) हे सगळं एकेक पंच धरून हातोडीने मारलेलं. माणसाचा हात आहे तो, दर वेळी तिथेच कसा पडणार? एखादं अक्षर जरा वर जातं, आकडा चेहऱ्याखालच्या दंडाला टेकतो, कधी अक्षर उलटंच बसतं आणि मग त्याच्यावर सरळ मारून सुधारलेलं असतं. डाय तडकली की नवीन, त्यामुळे एकट्या १७९४ सालाचे पन्नासच्या वर प्रकार आहेत. १७९३ ते १८१४ च्या सेंटच्या अशा प्रकारांना १९४९ मध्ये नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी दिलेले नंबर आजही चालतात, आम्ही आपसात नुसतं "एस २१९" (एस म्हणजे शेल्डन) म्हटलं तरी समोरच्याला कळतं. शिवराई गोळा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, ठसा हाताने कोरला की काय होतं ते त्यांनी रोज बघितलेलं असतं.

आता ओळखायचं कसं. नवीन माणूस चेहरा बघतो, केस बघतो, आणि तिथेच फसतो, कारण वर्षानुवर्षं खिशात फिरलेल्या तांब्यावर केस आणि पानांच्या शिरा सगळ्यात आधी जातात. अंतर मात्र जात नाही. अक्षर कितीही पुसट झालं तरी ते जिथे मारलं होतं तिथेच असतं. म्हणून मी बघतो ते मधल्या जागा : शेवटचा आकडा दंडापासून किती लांब, पानाचं टोक कुठल्या अक्षराच्या खाली येतं, अक्षराच्या डाव्या पायाखाली की उजव्या, माळेतली फळं कुठे आहेत. भिंग दहा पटीचं पुरतं, दिवा मात्र एका बाजूला खाली ठेवायचा आणि नाणं कडेने धरून हळूहळू फिरवायचं, बोट पृष्ठभागाला लावायचं नाही.

१८०१ चंच उदाहरण घ्या. एस २१९ मध्ये मागच्या बाजूला तीन चुका एकत्र आहेत : १/१०० च्या ऐवजी १/०००, माळेचा डावा देठ गायब, आणि "युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका"तल्या युनायटेडमधला यू आधी उलटा मारून वर सरळ मारल्यामुळे दोन आय शेजारी उभे असल्यासारखा दिसतो. पण त्याच सालात १/००० असलेलं, देठ दोन्ही असलेलं वेगळं नाणं आहे, आणि १/००० वरच १/१०० मारून दुरुस्त केलेलं तिसरंही आहे. मी एकदा पाकिटावर "तीन चुका" लिहिलेलं नाणं घेतलं, डावा देठ खरंच दिसत नव्हता, अपूर्णांकही १/०००च, आनंदाने घरी आलो आणि रात्री तिरक्या उजेडात बघतो तर देठाची केसाएवढी सावली तिथे होती. देठ होता, झिजला होता एवढंच. मग यू बघितला, तो अगदी स्वच्छ. मूळ डायवर नसणं आणि नाण्यावरून झिजून जाणं यातला फरक मला त्या रात्री खरा कळला, तेव्हापासून एका खुणेवर नंबर लिहीत नाही, कमीत कमी दोन्ही बाजूंची एकेक खूण जुळली पाहिजे. विकणाऱ्याने नाणं परत घेतलं, कुरकुर न करता.

दुर्मीळ १८०४ ला तर हे फारच कामाला येतं, कारण दुसऱ्या सालचा आकडा कोरून १८०४ करणारे खूप. खऱ्या नाण्यात वर्षातल्या शून्याच्या बरोबर पाठीमागे "ऑफ"मधला ओ येतो. शून्यापाशी नाण्याची कड चिमटीत धरा, पलटवा, चिमटीपाशी ओ नसेल तर आकडा कितीही छान दिसो, मी पुढे बघत नाही.

१८४० नंतरची नाणी अवघड, तिथे चारही आकडे एकाच पंचात आले, मग फक्त वर्ष जरा डावीकडे की उजवीकडे आणि बारीक ओरखडे एवढंच हातात राहतं. माझं मन तिथे रमत नाही.

एक राहिलं, तडा. डाय तडकली की त्या भेगेत तांबं शिरतं, म्हणून नाण्यावर तडा उठून येतो, नखाला लागेल असा (नख लावू नका), आणि ओरखडा खोल असतो. तडा वाढतो, पण बुजत नाही. त्या आठ नाण्यांतली पाच वेगवेगळ्या डायची आहेत, पण तीन पुढच्या-मागच्या डायच्या एकाच जोडीची. पहिल्यात तडा कडेच्या दातेरी नक्षीपासून अक्षरापर्यंतच आहे, दुसऱ्यात तो अक्षर ओलांडून पुढे गेलाय, आणि तिसऱ्यात डायच्या कडेचा तुकडाच निघालाय, तिथे तांब्याचा नुसता गोळा आहे. तिन्ही ओळीने ठेवली की कुठलं आधी पाडलं आणि कुठलं नंतर ते सरळ दिसतं.