चिंगीला घेऊन विसाहिकनच्या दरीत

फिलाडेल्फियाच्या वायव्य भागात विसाहिकन नावाची एक छोटी नदी खोल, गर्द झाडीच्या दरीतून वाहते आणि पुढे स्कूकिल नदीला मिळते. दरीचा उतार संपतो तिथेच वस्ती सुरू होते, आणि त्या वस्तीत आमचं घर आहे. शेल्टरमधून चिंगी ही आमची कुत्री आणली तेव्हाच ठरवलं होतं, की हिला या जंगलात चालायला न्यायचं. पण तेव्हा ती कचऱ्याच्या डब्याचं झाकण आपटलं तरी पायात शिरायची. सायकल दिसली की जमिनीला चिकटून बसायची आणि मग जागची हलायची नाही. अशा कुत्रीला घोडे, सायकली, बदकं आणि अनोळखी कुत्री असलेल्या दरीत कसं नेलं, ते सविस्तर लिहिते आहे, कारण भित्रं कुत्रं दत्तक घेतलेली बरीच मराठी कुटुंबं मला भेटतात आणि हाच प्रश्न विचारतात.

आधी डॉक्टर आणि कागदपत्रं. पेनसिल्व्हेनियात तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याचं लायसन्स काढावं लागतं आणि रेबीजची लसही बंधनकारक आहे. ती कामं चटकन झाली. डॉक्टरांशी जास्त वेळ बोलले ते गोचिडांबद्दल. आमच्या या भागात काळ्या पायांची गोचीड सर्रास आढळते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार कुत्र्यालाही होतो, माणसालाही. चिंगीला लाइमची लस दिली, दर महिन्याची चघळायची गोळी सुरू केली, आणि लेप्टो या आजाराचीही लस दिली. लेप्टोचे जंतू उंदीर, रकून अशा प्राण्यांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात, आणि वाटेवरचं डबकं चाटल्याशिवाय पुढे जाईल असं कुत्रं मी अजून पाहिलेलं नाही. पाणी मी घरून नेते, घडीच्या वाडग्यासकट.

सुरुवात फॉरबिडन ड्राइव्हपासून केली. नाव भीतिदायक असलं तरी हा दरीतला सगळ्यात सोपा रस्ता: नदीकाठाने जाणारा, सपाट, बारीक खडीचा, सुमारे पाच मैल लांब. गेल्या शतकाच्या विशीत इथे मोटारींना बंदी झाली, त्यावरून हे नाव पडलं. मोटारी नाहीत, पण माणसं धावतात, सायकली येतात आणि घोडेस्वारही येतात. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, भल्या पहाटे जायचो. पहिल्या काळात चालणं म्हणजे झाडांच्या दोन-तीन बुंध्यांपर्यंत जाऊन परत येणं एवढंच. तिला हुंगायचं असेल तितका वेळ हुंगू द्यायचं. डोंगर चढायची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं. पण भेदरलेलं कुत्रं नाक खाली घालून हुंगायला लागलं की त्याचा श्वास संथ होतो, शेपूट सैल पडते. हे दिसायला लागल्यावरच मी पुढच्या वळणापर्यंत जायचं ठरवलं.

खरी परीक्षा घोड्यांची होती. खडीवर टापांचा करकर आवाज लांबूनच येतो. पहिल्यांदा तो ऐकून चिंगी गोठली, आणि घोडा वळणावर दिसताच असा काही आक्रोश केला की स्वार बाईंनी घोडा थांबवला. कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका ताईंनी तेव्हा मला एक खूण सांगितली, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहिलं. खाऊ पुढे धरायचा. कुत्र्याने खाल्ला तर अंतर बरोबर आहे. एरवी ज्यावर तुटून पडतं तो चिकनचा तुकडाही त्याने नाकारला, तर आपण त्याच्या सोसण्यापलीकडे जवळ आलोय, मुकाट्याने मागे सरायचं. त्या वेळी रागावणं, पट्टा ओढणं, गोंजारून समजूत घालणं, कशाचाच उपयोग नसतो. त्या घटकेला ते शिकायच्या अवस्थेतच नसतं.

म्हणून टापा ऐकू आल्या की आम्ही रस्ता सोडून एखाद्या आडवाटेवर वर चढायचो. तिथून घोडा दिसायचा, पण खाली, लांब. घोडा दिसला की चिकन सुरू, घोडा गेला की चिकन बंद. हा क्रम मी कधी उलटा होऊ दिला नाही. आधी खाऊ आणि मग घोडा असं झालं, तर कुत्रं खाऊ पाहूनच घाबरायला लागतं. हळूहळू अंतर कमी होत गेलं. आणखी एक गोष्ट फार कामाला आली: मी स्वारांना दुरूनच हाक मारून काहीतरी बोलायची विनंती करते. वरून माणसाचा आवाज आला की त्या उंच, विचित्र आकृतीत माणूस आहे हे कुत्र्याला कळतं. सगळे आनंदाने बोलतात. एका सकाळी टापा वाजल्या आणि चिंगीने घोड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं, चिकनसाठी. त्या दिवशी मी तिथेच रस्त्याकडेला बसले आणि तिला मिठी मारली.

बदकांची गोष्ट सोपी निघाली. नदीकाठी 1850 च्या सुमाराचं व्हॅली ग्रीन इन हे जुनं खानावळघर आहे, तिथे बदकांची आणि हंसांची गर्दी असते. चिंगीला त्यांची भीती नव्हती, त्यांच्यामागे धावायचं होतं. तिथे सहा फुटी पट्टा पुरला.

पट्ट्याबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. शहराचा नियम सहा फुटांचा आहे. आपोआप गुंडाळले जाणारे लांब पट्टे त्यात बसत नाहीत. आई इथे आली होती तेव्हा म्हणाली, "अगं, जंगलात आल्यावर तरी सोड की तिला बिचारीला." आईचं मन मला कळत होतं. पण हरणाच्या वासामागे सुटलेलं कुत्रं हाकेला येत नाही, आणि माझ्यासारखंच दुसरं कुणीतरी एखादं घाबरलेलं कुत्रं घेऊन पुढच्या वळणावर उभं असतं. आम्ही त्या जागी कितीदा उभे होतो. मोकळं सुटलेलं कुत्रं अंगावर येतं आणि मागून मालक ओरडतो, "आमचा प्रेमळ आहे हो!" असेल प्रेमळ, पण माझ्या चिंगीची महिन्याची मेहनत त्या अर्ध्या मिनिटात वाहून जाते. अशा वेळी मी तिच्या पुढे उभी राहते आणि मूठभर खाऊ त्या कुत्र्याच्या वाटेत फेकते. ते खाण्यात गुंतलं की आम्ही निघून जातो.

विष्ठेची पिशवी सोबत हवीच, आणि ती भरल्यावर झाडाखाली ठेवून जाणंही चालत नाही. ही दरी जंगल म्हणून शिल्लक राहिली याचं मूळ कारणच पाणी आहे. इथे एकेकाळी गिरण्याच गिरण्या होत्या; ब्रिटिश वसाहतींमधला पहिला कागद कारखाना 1690 मध्ये याच नदीच्या एका ओढ्यावर निघाला. पुढे शहराचं पिण्याचं पाणी वाचवण्यासाठी 1868 पासून ही जमीन उद्यानात घेतली गेली. आजही विसाहिकन स्कूकिलला मिळते त्याच्या जरा खाली शहर पाणी उचलतं. उतारावर पडलेली घाण पावसात कुठे जाते हे आईला सांगितलं, तेव्हा पुढच्या फेरीला पिशव्या तिनेच मोजून घेतल्या.

रस्ता जमल्यावर आम्ही पूर्वेकडच्या नारिंगी खुणांच्या पायवाटेवर गेलो. ही वाट वेगळीच आहे: मुळं, चढउतार, आणि अभ्रकाने चमकणारा शिस्ट खडक, जो ओल्या पानांखाली भयंकर घसरतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस इथे लागतो. खडकावरून उतरताना मी तिला मुठीने धरून आधार देते. चिंगीला ही वाट रस्त्यापेक्षा आवडली. खडकावर पाय कुठे ठेवायचा या विचारात तिला घाबरायला सवड मिळत नाही, असं माझं निरीक्षण आहे. याच वाटेवर फिंगरस्पॅन नावाचा 1987 चा पोलादी पूल आहे, बोटाच्या आकाराचा. त्याच्या जाळीतून खालचं दिसतं, आणि तिथे चिंगी चारही पाय रोवून उभी राहते. चिकन नाकारते, म्हणजे उत्तर मिळालं. आम्ही मागे फिरतो. तो पूल तिने ओलांडलाच पाहिजे असं काही नाही.

घरी आल्यावर दाराबाहेरच तपासणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोचिडाची पिल्लं खसखशीएवढी असतात, नजरेला दिसण्याआधी बोटांना लागतात. कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी मी केसांच्या उलट दिशेने हात फिरवते. सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पिळायची नाही, तेल-रॉकेल लावायचं नाही. लाइमचे जंतू अंगात जायला बहुतेक वेळा दिवसभराहून जास्त काळ लागतो, म्हणून त्याच दिवशी काढणं महत्त्वाचं. त्यानंतर ओल्या फडक्याने अंग पुसायचं, तेही हातमोजे घालून. पॉयझन आयव्ही या तीन-तीन पानांच्या वेलीचं तेल तिच्या केसांना लागून येतं. तिला सहसा काही होत नाही, पण कुरवाळणाऱ्याच्या हातावर फोड उठतात.

थंडीत बरेच जण गोचिडाची गोळी बंद करतात. मोठी गोचीड जानेवारीतल्या उबदार दुपारीही बाहेर येते, त्यामुळे आमची गोळी बारा महिने चालू असते.