बाल्कांवातली रोजनिशी

भाद्रपद शुद्ध षष्ठी, गोवा

दीड दिवसाचा गणपती काल संध्याकाळी पोहोचवला. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे अजून उतरवलेली नाहीत आणि चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून मनात अडकलेली गोष्टही तशीच लोंबकळत आहे. त्या दिवशी मी स्टुलावर उभा राहून माटोळी बांधत होतो आणि घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई खालून केवणीचे दोर एकेक करून देत होत्या. कवंडळाची जोडी बांधून झाल्यावर मी हात खाली केला, तर दोर आला नाही. "ते तू लोकांना कशाला सांगितलेस?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

कशाविषयी, हे मला विचारावे लागले नाही. तीन वर्षांपूर्वी जालावरच्या माझ्या रोजनिशीत वडिलांच्या आजारपणाविषयी लिहिताना मी या बाईंची एक गोष्ट लिहिली होती. ती कोणती, हे पुन्हा सांगितले तर आजच्या नोंदीला अर्थ उरणार नाही. नाव लिहिले नव्हते, एवढ्यावर मी निर्धास्त होतो; परंतु नाते लिहिले होते, गावाचे आणि देवळाचे नाव लिहिले होते, आणि त्या नात्याच्या बाई आमच्या कुटुंबात एकच आहेत. त्यांच्या नातवाने सहज गावाचे नाव गुगलवर शोधले आणि तो थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोहोचला.

दिवसाला पाच-सहा वाचक, त्यांतले दोघे मित्र. एवढ्यावरून मी त्या लेखनाला खाजगी समजत आलो. वाचक थोडे असणे आणि मजकूर खाजगी असणे यांत मी गल्लत केली. आमच्या जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, समोरासमोर दगडी बैठका आहेत. ती जागा घराचीच आहे, पण तोंड रस्त्याकडे आहे, आणि तेथे बसून घरातल्या देण्याघेण्याविषयी कोणी बोलत नाही, हे आम्हांला लहानपणापासून न शिकवता कळत असे. शिवाय बाल्कांवातले बोलणे वाऱ्यावर जाते, लिहिलेले तसे जात नाही.

कायदा याबाबतीत बराच स्पष्ट आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ज्या व्यक्तीची माहिती आहे तिनेच ती जाहीर केली असेल, तर त्या माहितीला हा कायदा लागू होत नाही, आणि उदाहरण म्हणून कायद्यात ब्लॉगवर आपली मते मांडणारी व्यक्तीच घेतली आहे. म्हणजे माझी दुखणी, माझे कर्ज, माझी भांडणे मी चव्हाट्यावर मांडली तर मला तक्रारीला जागा नाही, आणि ते योग्यच आहे. पण 'तिनेच' हा शब्द मला टोचतो. माझ्या मजकुरातली ती गोष्ट माझी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्याने त्याचा खाजगीपणा संपत नाही, असेही म्हटले गेले. या बाई तर सार्वजनिक जागी स्वतःहून गेल्याही नव्हत्या. त्यांना तेथे मी नेऊन बसवले.

त्याच रात्री मी मजकूर काढून टाकला. नंतर सेटिंगमध्ये शिरलो. शोधयंत्रांना दिसू नये, अशी खूण करण्याची सोय तेथे आहे, पण ती केवळ शोधयंत्रांना केलेली विनंती असते. दुवा हाती असलेल्याला दार उघडेच राहते. निमंत्रितांनीच वाचावे असा पर्याय निवडला, तेव्हा कोठे कडी लागली. मग धास्तीने इंटरनेट आर्काइव्ह पाहिले. जुनी पाने साठवून ठेवणाऱ्या त्या संग्रहात माझ्या पानाची प्रत तारखेसह निघाली. ती काढून घ्यावी म्हणून पत्र लिहिले आहे. त्या नातवाने कोणाकोणाला दुवा पाठवला, ते मात्र विचारण्याचे धाडस झाले नाही.

आजची ही नोंद सर्वांना वाचता येईल अशी ठेवणार आहे, म्हणून दुपारी ती त्यांना वाचून दाखवली. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले आणि एक वाक्य काढायला सांगितले. ते काढले आहे.