तुम्ही विचारलंत म्हणून : सोल्यूशन आर्किटेक्ट की एंटरप्राइझ आर्किटेक्ट?

सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या सोल्यूशन आर्किटेक्ट आणि एंटरप्राइझ आर्किटेक्ट या दोघांत मोठं पद कुठलं, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडून काही वर्षं नोकरी केलेली मुलं विचारतात, वेर्ण्यातल्या कंपन्यांमधले टीम लीड विचारतात. त्यांच्या मनात क्रम ठरलेला असतो: डेव्हलपर, लीड, सोल्यूशन आर्किटेक्ट आणि सगळ्यात वर एंटरप्राइझ आर्किटेक्ट. मी दोन्ही कामं केली आहेत आणि मला हा क्रम मान्य नाही. एक काम दुसऱ्याच्या वर नाही. दोघांच्या गळ्यात पडणारी जबाबदारी वेगळी आहे.

गोव्यात राहून हॉटेलाचंच उदाहरण द्यावंसं वाटतं. समजा एका समूहाची चार हॉटेलं आहेत: दोन कळंगुटला, एक कोलव्याला, एक पणजीत. त्यांना स्वतःच्या वेबसाइटवरून थेट बुकिंग घ्यायचं आहे. ऑक्टोबरपासून पर्यटकांचा हंगाम, म्हणजे चवथ आटोपली की हाताशी फार दिवस नाहीत. हे काम सोल्यूशन आर्किटेक्टचं. खोल्यांचा हिशेब ठेवणारं पीएमएस हे सॉफ्टवेअर आणि नवी वेबसाइट एकमेकांशी कसं बोलणार? ट्रॅव्हल पोर्टलांना दर आणि रिकाम्या खोल्या कळवणारा चॅनेल मॅनेजर मध्ये असताना एकच खोली दोघांना विकली जाणार नाही, याची सोय काय? पैसे कापले गेले आणि बुकिंग झालंच नाही, तर पुढे काय? डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला भार पेलायला किती सर्व्हर लागतील, आणि त्याचं बिल किती येईल? परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते, ती कुठून उचलायची? या सगळ्याची उत्तरं त्याच्या डिझाइनमध्ये असावी लागतात, आणि टीम कुठेही अडली की त्याच्याचकडे येते. ठरल्या तारखेला बुकिंग सुरू झालं की नाही, यावर त्याचं काम मोजलं जातं. अशी नेमकेपणाची जबाबदारी पेलणाऱ्या माणसाला कुणी दुय्यम म्हटलं, तर मला मनापासून राग येतो.

आता त्याच समूहातला दुसरा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तोही इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे हॉटेलाने खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. त्याहून महागड्या खोल्यांवर १८ टक्के कायम राहिला. त्याआधी १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक बदल झाला होता. हॉटेलातल्या रेस्टॉरंटवर किती कर लावायचा, हे मागच्या आर्थिक वर्षात तिथल्या एखाद्या खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं होतं का, यावरून ठरू लागलं. गेलं असेल तर १८ टक्के, नाहीतर ५. (१८ टक्के स्वतःहून निवडायचीही मुभा आहे, ती इथे बाजूला ठेवते.)

म्हणजे खोलीचं भाडं नोंदलं जातं एका प्रणालीत, आणि त्यावरून जेवणाचं बिल बदलतं दुसऱ्याच प्रणालीत, जी वेगळ्या विक्रेत्याकडून घेतलेली असते. हा करनियम या समूहात किती ठिकाणी लिहून ठेवला आहे? दोन वेगवेगळी पीएमएस, रेस्टॉरंटचं बिलिंग, लग्नसमारंभांच्या बुकिंगची एक्सेल शीट, वेबसाइट आणि अकाउंट्सचं टॅली. यातल्या एकाही प्रकल्पाने काही वावगं केलेलं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबर आणि वेळेत काम केलं आहे. तरीही दर बदलला की सगळीकडे धावाधाव होते, आणि कुठलं तरी एक बिल चुकीचं छापलं जातं. हा गोंधळ कुणाच्याच प्रकल्पाच्या हद्दीत येत नाही. अशा, कुणाच्याच हद्दीत न येणाऱ्या गोष्टींची जबाबदारी एंटरप्राइझ आर्किटेक्टकडे असते.

म्हणून एंटरप्राइझ आर्किटेक्टचं पहिलं काम अगदी साधं दिसतं: कंपनीत चालू असलेल्या सगळ्या प्रणालींची यादी. कुठली कोणाच्या ताब्यात आहे, करार कधी संपतो, माहिती कुठून येते, कुठे जाते. मग ठरवायचं, की भाड्याचा आणि कराचा अधिकृत स्रोत एकच कुठला. पाहुण्याची नोंद चारही हॉटेलांत वेगवेगळी का आहे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क दिला आहे. तो कुणी मागितला, तर आपण कुठे कुठे शोधणार? पुढच्या तीन-चार वर्षांत कुठली प्रणाली ठेवायची, कुठलीचा करार पुन्हा करायचा नाही, आणि नवं बिलिंग सॉफ्टवेअर घ्यायला निघालेल्या मॅनेजरला ‘थांबा’ कसं म्हणायचं?

या विचारालाही इतिहास आहे. माहिती-प्रणालींच्या रचनेसाठी चौकट मांडणारा जॉन झॅकमन यांचा आयबीएमच्या नियतकालिकातला लेख १९८७ सालचा. द ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची टोगॅफ ही एंटरप्राइझ आर्किटेक्चरची चौकट १९९५ साली आली, तीही अमेरिकी संरक्षण खात्याच्या आधीच्या कामावर उभी. तिच्यात व्यवसाय, माहिती, अ‍ॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान असे चार भाग आहेत, आणि व्यवसाय पहिला आहे. पण मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली मांडलेलं निरीक्षण: संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिच्या प्रणालींची रचना होते. कळंगुटच्या आणि पणजीच्या मॅनेजरांचं आपसात बोलणं नसेल, तर त्यांची पीएमएसही बोलणार नाहीत. त्यामुळे एंटरप्राइझ आर्किटेक्टचा बराच दिवस आकृत्यांपेक्षा माणसांत जातो.

एंटरप्राइझ आर्किटेक्ट म्हणजे नगररचनाकार आणि सोल्यूशन आर्किटेक्ट म्हणजे घर बांधणारा आर्किटेक्ट, ही तुलना आमच्या क्षेत्रात नेहमी दिली जाते. गोंयकाराला त्यातली पुढची गोष्टही माहीत आहे. गोव्यातला जमीनवापर ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ (२०११ हे त्याचं लक्ष्यवर्ष) लोकांच्या आंदोलनापुढे सरकारला २००७ साली मागे घ्यावा लागला होता. ज्यांना त्यात राहायचं आहे त्यांना न विचारता काढलेला आराखडा टिकत नाही. पर्वरीच्या कार्यालयात बसून चारही हॉटेलांचा नकाशा रंगवणाऱ्या आर्किटेक्टचंही तसंच होतं.

खरी कसोटी लागते ती दोघं समोरासमोर येतात तेव्हा. एंटरप्राइझवाली म्हणते, पाहुण्यांची नोंद समूहाच्या एकाच मध्यवर्ती ठिकाणी हवी, आणि ते जानेवारीत तयार होईल. सोल्यूशनवाला म्हणतो, माझा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. दोघांचंही खरं आहे. तिने मंजुरी अडवून धरली तर हंगाम बुडेल. त्याने गुपचूप स्वतःचा डेटाबेस उभा केला तर पाहुण्याची पाचवी नोंद तयार होईल. मला पटलेला मार्ग असा: त्याने डेटाबेसात पाहुण्यांचं स्वतःचं टेबल ठेवावं, पण पाहुण्याची ओळख-संख्या समूहाने ठरवलेल्या रचनेतच असावी. ही सवलत का दिली, कोणी दिली आणि कुठल्या तारखेला संपते, हे एका पानावर लिहून दोघांनी मान्य करावं. अशी निर्णय-टिपणं लिहिण्याची पद्धत मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली मांडली, आणि ती जिथे नीट पाळली जाते तिथे भांडणं निम्म्याने कमी होतात असा माझा अनुभव आहे. तारीख मात्र लिहायलाच हवी. नाहीतर तात्पुरतं म्हणून केलेलं टेबल दहा हंगाम चालतं.

आता नोकरीचं. गोव्यातल्या लहान कंपन्यांत ही दोन्ही कामं बहुधा एकाच माणसाकडे असतात, आणि मोठ्या सेवा-कंपन्यांत ‘एंटरप्राइझ’ हा शब्द कधी कधी नुसती बढती म्हणून चिकटवला जातो. म्हणून पदनामावर जाऊ नका. मुलाखतीत विचारा, की मी कोणाला उत्तर देणार: प्रकल्पाच्या डिलिव्हरी प्रमुखाला की सीआयओला, म्हणजे कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला? माझ्या कामाला शेवटची तारीख आहे का? एखादी खरेदी थांबवण्याचा अधिकार मला असेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते एंटरप्राइझ आर्किटेक्टचं काम नाही, व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो.

सर्टिफिकेटचंही विचारता. क्लाउड कंपन्यांच्या सोल्यूशन आर्किटेक्ट परीक्षा उपयोगी आहेत, कारण त्या हाताने करायच्या कामाच्या जवळ जातात. टोगॅफची दहावी आवृत्ती २०२२ साली आली, तिची परीक्षाही जरूर द्या, इतर आर्किटेक्टांशी बोलायची भाषा समान होते. पण त्याआधी तुमच्या आत्ताच्या कंपनीतल्या प्रणालींची ती यादी एकदा स्वतः करून बघा. त्यासाठी अकाउंट्समध्ये, स्टोअरमध्ये, रिसेप्शनवर जाऊन बसावं लागेल, आणि तेच प्रश्न वेगवेगळ्या माणसांना विचारावे लागतील. त्यात मन रमलं तर एंटरप्राइझकडे वळा. सारखं उठून आपल्या डिझाइनकडे परत जावंसं वाटलं, तर सोल्यूशन आर्किटेक्ट व्हा आणि खुशाल निवृत्तीपर्यंत तेच राहा.